पेरूतला अभ्यासदौरा, विरळ हवेचं आजारपण आणि इंकांचं काळं आकाश

रानजाई

गेल्या जूनमध्ये अभ्यासदौऱ्यासाठी पेरूला जाणं झालं. विषय होता डोंगराळ मुलखातलं पाणी: इंकांचे, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या तिथल्या राज्यकर्त्यांचे, दगडी पाट, उतारावरची पायऱ्यांची शेती, झऱ्यांची बांधणी. मी अमेरिकेत जलव्यवस्थापन शिकते आणि माझं आजोळ माणदेशात आहे, त्यामुळे कमी पावसाच्या भागात माणसं पाण्याचा हिशेब कसा ठेवतात हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. दौऱ्यात मी आजारी पडले आणि ठरलेल्या बऱ्याच जागा बघायच्या राहिल्या. पण पाण्याचा तोच हिशेब तिथले लोक आभाळात कसा वाचतात हे मला त्या आजारपणात शिकायला मिळालं. इथे खगोलाचे दर्दी बरेच आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आजार. लिमा शहर समुद्राकाठी. तिथून विमान तासा-दीड तासात कुस्कोला, इंकांच्या जुन्या राजधानीत, उतरवतं आणि कुस्को आहे ३,४०० मीटरवर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचली तरी कुस्को थोडं वरच राहील. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाब कमी असल्यामुळे एका श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो आणि आमच्या वेळापत्रकात तो ठेवलेला नव्हता. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. जेवणाचा वास नको झाला. रात्री डोळा लागला की श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा आणि दचकून जाग यायची. तिथे या आजाराला सोरोचे म्हणतात. त्यातच पोट बिघडलं, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं आणि डोकेदुखी आणखी वाढली. दवाखान्यात बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या आसपास दिसत होता. नळीने ऑक्सिजन दिला, सलाईन लावलं, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: खाली उतरा, इथेच पडून राहून बरं व्हायची वाट बघू नका.

खाली म्हणजे उरुबांबा नदीच्या खोऱ्यात. उरुबांबा गाव साधारण २,८७० मीटरवर आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा पाचशे मीटर खाली. आमच्या दौऱ्यात मदतीला असलेल्या एका बाईंचं माहेर तिथे होतं, तिथे माझी सोय झाली. पाचशे मीटरनी काय फरक पडणार असं वाटेल, पण गाडी घाट उतरत असतानाच डोक्यावरचा दाब हलका होत गेला. पोटाला मात्र वेळ लागला. किन्वाचं पातळ सूप, उकडलेले बटाटे, आणि मुन्या नावाच्या पुदिन्यासारख्या वास येणाऱ्या रानपाल्याचा काढा, एवढ्यावर मी होते.

त्या घरात एक आजोबा होते. वर मारासच्या पठारावर त्यांची बटाट्याची शेती, आता मुलगा बघतो. आजोबा केचुआ ही तिथली मूळ भाषा बोलायचे, त्यांची लेक ते स्पॅनिशमध्ये सांगायची, आणि माझ्या कामचलाऊ स्पॅनिशवर पुढचा संवाद चालायचा. दिवे मालवले की ते अंगणातल्या बाकावर बसून वर बघायचे. मी विचारलं, काय बघता? तर म्हणाले, आज वर शेतात कडाक्याचं दंव पडेल की नाही ते बघतोय. जूनमध्ये तिथे चुन्यो करतात. बटाटे रात्रभर गवतावर पसरून गोठू द्यायचे, दिवसा उन्हात ते सुटले की अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं, पुन्हा पसरायचे. असं चार-सहा वेळा झालं की बटाटा सुकून हलका, खडखडीत होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याला निरभ्र रात्र लागते. आभाळ झाकलं की जमिनीची ऊब धरून राहते आणि बटाटा नीट गोठत नाही.

मी दक्षिणेकडे बोट दाखवून त्रिशंकू हा तारकासमूह ओळखला, शेजारचे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे दाखवले. आजोबांनी मान हलवली आणि माझा हात धरून थोडा बाजूला नेला, जिथे एकही तारा नव्हता. आकाशगंगेच्या दुधाळ पट्ट्यात काळे डाग असतात ना, तिथे. म्हणाले, तारे नको बघूस, ही बघ लामा (उंटाच्या कुळातला, लांब मानेचा, लोकरीसाठी पाळतात तो तिथला प्राणी). आणि खरंच, काही वेळ बघितल्यावर दिसली! मित्र आणि मित्रक हे तिचे दोन डोळे. तिथून काळी लांब मान वर चढत जाते आणि वृश्चिकाजवळ धड पसरतं. पोटाखाली पिल्लू, दूध पिणारं. मागे कोल्हा लागलेला. लामाच्या पुढे त्रिशंकूला चिकटून एक घट्ट काळा ठिपका आहे, आपले खगोलवाले ज्याला कोलसॅक म्हणतात, तो युतू, म्हणजे तित्तिरासारखा रानपक्षी. त्याच्याही पुढे बेडूक आणि साप, पण जूनमध्ये ते लवकर मावळतात.

या काळ्या आकृतींना केचुआत याना फुयू म्हणतात, काळे ढग. आकाशगंगा ही मायू, नदी. ती त्यांच्यासाठी उरुबांबाच्याच खोऱ्याचा वरचा अर्धा भाग आहे. जमिनीवरची नदी वाहत समुद्राला मिळते, समुद्राने पृथ्वीला वेढलेलं आहे, आणि आभाळातली नदी मावळताना त्या समुद्रात बुडून पाणी भरून घेते, पुन्हा उगवते, आणि पाऊस होऊन ते पाणी डोंगरावर येतं. जलचक्र मी पुस्तकातून शिकले होते. इथे ते एका माणसाला रोज रात्री समोर दिसत होतं, आणि त्यातले प्राणी त्याच्या शेतातलेच होते. साप घ्या. पावसाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, रात्रीच्या आभाळात साप वर असतो, आणि जमिनीवरचे सापही तेव्हाच बाहेर पडतात. कोरड्या महिन्यांत दोन्ही दिसेनासे होतात.

बरी झाल्यावर पथकाबरोबर जाता आलं ते जवळच्याच केस्पिवांका या जागी. हा इंका राजा वायना कापाक याचा महाल. आता तिथे मातीच्या जाड भिंतींचे अवशेष आणि मक्याची शेतं आहेत. अंगणात एक मोठा पांढरा खडक आहे. तिथे उभं राहून पूर्वेच्या डोंगराकडे बघितलं की कड्यावर दोन दगडी मनोरे दिसतात. २१ जूनच्या सुमारास सूर्य तिथून वर येतो. कुस्कोच्या क्षितिजावरही असे मनोरे होते आणि त्यांच्यावरून पेरणीचे दिवस ठरत, असं स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवलंय. ते मनोरे पुढे नष्ट झाले. उरुबांबावरचे हे दोन मात्र अजून उभे आहेत. सूर्याची पहिली कड वर आली तेव्हा आमच्यातलं कोणी बोललं नाही, आणि मला त्या बांधणाऱ्यांबद्दल फार प्रेम वाटलं. लोखंड नाही, लिपी नाही, आणि तरी वर्षाच्या मोजमापासाठी त्यांनी अख्खा डोंगर कामाला लावला.

कृत्तिकांबद्दल बटाटा पेरणाऱ्यांचं एक फार महत्त्वाचं निरीक्षण आहे, ते प्रतिसादात लिहीन. इथेच फार लांबलं.

आपल्याकडे ताऱ्यांऐवजी काळ्या डागांना नावं दिल्याचं कोणाला माहीत आहे का? धनगर, कोळी, आदिवासी, कुठल्याही परंपरेतलं चालेल.

---

हिमशिखर

उत्तम लिहिलंय. मी डॉक्टर आहे, काही वर्षं लेहला काम केलं. लेह ३,५०० मीटर, म्हणजे कुस्कोएवढंच, आणि दिल्लीहून थेट विमानाने येणाऱ्यांचे हाल अगदी तुम्ही लिहिलेत तसेच होतात. वाचणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

तब्येत उत्तम असणं, वय कमी असणं, रोज व्यायाम करणं, यातलं काहीही या आजारापासून वाचवत नाही. उलट धडधाकट तरुण पहिल्याच दिवशी पळापळ करतात आणि जास्त आजारी पडतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं हे सौम्य आजाराचं लक्षण. एवढं असेल तर आणखी वर जायचं नाही आणि विश्रांती घ्यायची. पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, माणूस बरळत असेल किंवा सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत चालता येत नसेल, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतंय असं समजा. तेव्हा सकाळपर्यंत थांबू नका. त्याच क्षणी खाली उतरवा. ऑक्सिजन आणि औषधं उतरेपर्यंतचा आधार आहेत, उपाय उतरणं हाच.

झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले काही दिवस पूर्ण वर्ज्य. झोपेत श्वास आधीच मंदावलेला असतो, त्यात भर पडते.

---

अक्षरवाट

वाचनखूण साठवली! माझी मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजतर्फे कुस्कोला जाणार आहे, त्यामुळे काळजीने वाचलं. डॉक्टर, डायमॉक्स आधीपासून घ्यायची का? आणि रानजाई, कोकाच्या पानांचा चहा सगळे सुचवतात, तो घेतलात का? शाकाहारी माणसाची आबाळ होते का?

---

हिमशिखर

ताई, डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ते श्वासाचा वेग वाढवून शरीराला उंचीची सवय लवकर करून देतं. साधारणपणे चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तरीही. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी जास्त होते, त्याला घाबरू नये. मुलीच्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवा.

पेरूहून थेट भारतात परतणार असेल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र आपल्या विमानतळावर मागतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

---

रानजाई

कोकाचा चहा घेतला. हॉटेलात, घरात, सगळीकडे गरम पाण्यात पानं टाकून देतात, तिथे ते पूर्ण कायदेशीर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. मला त्याने तरतरी आली, डोकेदुखीवर फार फरक पडला नाही. पण मुलीला दोन गोष्टी नक्की सांगा: पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात किंवा अमेरिकेत आणणं गुन्हा आहे, आणि तो चहा प्यायल्यावर काही दिवस लघवीच्या तपासणीत कोकेनचा अंश सापडू शकतो. नोकरीसाठी तपासणी होणार असेल तर पिऊ नये.

शाकाहाराची आबाळ होत नाही. बटाट्याच्या एवढ्या जाती आहेत की बाजारात गेलं की डोळे फिरतात. किन्वा, मका, शेंगा, ताजं चीज सगळं मिळतं. फक्त सूप विचारून घ्यायचं, ते बहुधा कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं. नळाचं पाणी नको, आणि पहिल्या दिवसांत कच्चं सॅलडही नको. औषधांच्या दुकानात सुएरो मागितलं की आपल्या ओआरएससारखं तयार पाणी बाटलीत मिळतं.

---

कुतूहल

लेख आवडला, पण मनात एक शंका आहे आणि ती मोकळेपणाने विचारतो. पर्यटकांना रंगवून सांगायच्या गोष्टी नंतर तयार होतात. काळी लामा, काळा साप हे खरंच इंकांच्या काळचं आहे कशावरून? त्यांच्याकडे लिपी नव्हती असं तुम्हीच म्हणता.

---

पुराणवाट

रास्त प्रश्न. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे, थोडं सांगू शकते.

लिपी नव्हती, गाठींच्या दोऱ्या होत्या, आणि त्यातून आकाशाचं वर्णन अजून कोणाला वाचता आलेलं नाही. पण स्पॅनिश आल्यावर साधारण १६०८ साली लिमाच्या वरच्या डोंगरात, वारोचिरी भागात, केचुआ भाषेतच एक हस्तलिखित लिहिलं गेलं. स्थानिकांच्या श्रद्धा नोंदवून त्या मोडून काढण्यासाठी फ्रान्सिस्को दे आविला या पाद्रीने ते करवून घेतलं. मोडण्यासाठी लिहिलं, पण आज तोच आपला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. त्यात याकाना या लामेचं वर्णन स्पष्ट आहे: ती आकाशनदीच्या आतून चालते, काळी दिसते, तिला दोन डोळे आहेत आणि मान खूप लांब आहे. मध्यरात्री कोणाला कळू न देता ती समुद्राचं पाणी पिऊन टाकते. तिने ते प्यायलं नाही तर सगळं जग बुडेल.

त्याच प्रकरणात एक गोष्ट आहे. याकाना कधीकधी झऱ्यावर पाणी प्यायला खाली उतरते. एका माणसावर ती लोकरीसकट पडली. सकाळी बघतो तर निळी, पांढरी, काळी, तपकिरी, सगळ्या रंगांची लोकर. ती उपटून त्याने विकली, त्या पैशातून एक नर आणि एक मादी लामा घेतली, आणि पुढे त्याचा कळप हजारांवर गेला. मेंढपाळाचं स्वप्न आहे हे, राजदरबारातली कथा नव्हे, म्हणूनच मला ती अस्सल वाटते.

कुस्कोपुरतं म्हणाल तर सोळाव्या शतकात पोलो दे ओंदेगार्दो या स्पॅनिश अधिकाऱ्याने तिथल्या तारापूजेची नोंद केली, त्यात मेंढपाळांची लामा आणि माचाक्वाय हा साप दोन्ही येतात. आणि १९७०च्या दशकात गॅरी अर्टन हा मानववंशशास्त्रज्ञ मारासच्या जवळच्याच मिस्मिनाय गावात राहिला. शेतकरी रात्री आभाळात काय बघतात हे त्याने त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतलं. त्याचं पुस्तक १९८१ साली आलं. काळ्या ढगांची आज जी माहिती सांगितली जाते तिचा मोठा भाग तिथून आलाय. रानजाईंचे आजोबा त्याच पठारावरचे, त्यामुळे त्यांनी सांगितलेलं याच्याशी जुळतं यात नवल नाही.

गाइड लोक पदरचं घालतात हे मात्र खरं. कोण प्यूमा दाखवतं, कोण कॉन्डॉर. ते आवडलं तर ऐकावं, पण वारोचिरीत आणि मिस्मिनायमध्ये जे नोंदलंय ते वेगळं ठेवावं.

---

कुतूहल

समाधान झालं, मनापासून आभार. झऱ्यावरच्या लोकरीची गोष्ट घरी मुलांना सांगितली.

---

शिवारकर

मी सांगली जिल्ह्यात शेती करतो. आमच्याकडेही पाऊस नक्षत्रांवरच बोलला जातो. रोहिणीची हवा, मृगाचा पेरा, आर्द्रा, पुनर्वसू, आणि पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहन: बेडूक, म्हैस, कोल्हा, मोर. वडील अजून वाहन विचारतात. पण खरं सांगायचं तर आम्ही नक्षत्र आभाळात बघत नाही, कॅलेंडरात बघतो. सूर्य मृगात असतो तेव्हा मृग नक्षत्र दिसूच शकत नाही, ते उन्हात असतं. तारीख दरवर्षी तीच, ७-८ जून. पाऊस मात्र कधी वेळेवर, कधी महिनाभर दडी. बियाणं दुबार टाकावं लागतं तेव्हा पोटात कालवतं.

ताई, तुम्ही कृत्तिकांचं लिहिणार होतात. त्या माणसांना त्यातून खरंच काही आधी कळतं का? कळत असेल तर कसं? मला ते जाणून घ्यायचंय.

---

रानजाई

दादा, तुमच्याच प्रश्नासाठी हा धागा काढला असं वाटलं. नीट लिहिते.

कृत्तिकांना ते कोल्का म्हणतात, म्हणजे धान्याचं कोठार. एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत कृत्तिका सूर्यामागे असल्यामुळे दिसत नाहीत. मग जूनमध्ये पहाटे पूर्वेला पुन्हा उगवतात. पेरू आणि बोलिव्हियातल्या डोंगरी गावांमधले शेतकरी साधारण २४ जूनच्या, म्हणजे सान हुआनच्या सणाच्या आसपास, पहाटेच्या थंडीत उंच जागी जाऊन त्या बघतात. झुबका मोठा, टपोरा, लखलखीत दिसला तर पाऊस वेळेवर आणि पीक चांगलं. बारीक, धूसर दिसला तर पाऊस उशिरा आणि कमी, म्हणून बटाट्याची लावणी काही आठवडे पुढे ढकलायची. लागवडीनंतर पाणी मिळालं नाही तर बटाटा मार खातो, त्यामुळे हा निर्णय फार मोठा असतो.

बेंजामिन ऑर्लोव्ह हा मानववंशशास्त्रज्ञ आणि जॉन चिआंग व मार्क केन हे हवामानशास्त्रज्ञ, या तिघांनी याचा छडा लावला आणि २००० साली ‘नेचर’मध्ये तो छापून आला. मार्क केन म्हणजे एल निन्योचं (प्रशांत महासागराचं पाणी एरवीपेक्षा जास्त तापतं, त्या घटनेचं) भाकीत संगणकावर पहिल्यांदा करून दाखवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी उपग्रहाची ढगांची माहिती, पावसाच्या नोंदी आणि बटाट्याचं उत्पन्न एकमेकांशी ताडून बघितलं. निष्कर्ष असा: एल निन्योच्या वर्षी जूनमध्येच त्या भागावर खूप उंचावर अतिशय पातळ ढगांचा पडदा जास्त असतो. तो एरवी डोळ्यांना जाणवतही नाही, पण कृत्तिकांसारख्या मंद ताऱ्यांच्या झुबक्यातले फिकट तारे त्याने पुसले जातात आणि झुबका लहान दिसतो. आणि एल निन्योच्याच वर्षी तिथे पुढचा ऑक्टोबर ते मार्च पाऊस कमी पडतो. म्हणजे शेतकरी कृत्तिका बघतायत असं वाटतं, पण त्यांच्या डोळ्यांना कळतेय ती हजारो किलोमीटरवरच्या प्रशांत महासागराची अवस्था, आणि तीही पावसाच्या काही महिने आधी.

ही पद्धत नवी नाही. पुराणवाटने सांगितलेल्या वारोचिरीच्या हस्तलिखितातच आहे: कृत्तिका मोठ्या दिसल्या तर लोक म्हणतात यंदा सुबत्ता, बारीक दिसल्या तर म्हणतात यंदा फार हाल. ते लिहिलं गेलं १६०८च्या सुमारास.

तुम्ही म्हणालात तो फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपलं मृग दरवर्षी त्याच तारखेला येतं, त्यामुळे यंदाचा पाऊस कसा असेल हे त्यातून कळू शकत नाही. ते लोक जी गोष्ट बघतात ती दरवर्षी वेगळी दिसते, आणि ती वेगळी दिसण्यामागे हवेतलं कारण आहे. एल निन्यो आपल्या मोसमी पावसालाही अनेकदा दगा देतो, पण जूनमध्ये आपल्याकडे आभाळच झाकलेलं, त्यामुळे हीच युक्ती जशीच्या तशी इथे चालणार नाही.

आजोबा वर शेतावर गेले त्या पहाटे मीही त्यांच्याबरोबर होते. त्यांनी एकट्याने बघितलं नाही. बांधावर आणखी तिघे शेजारी होते, प्रत्येकाने काय दिसलं ते सांगितलं, वाद घातला, आणि मग एकमत झालं. त्यानंतरच लेकाला लावणीचा आठवडा सांगितला.

---

शिवारकर

ताई, दोनदा वाचलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, वाऱ्याची दिशा आणि टिटवीने अंडी कुठे घातली हे आम्हीही बघायचो, तेही दरवर्षी वेगळंच असायचं. गावातल्या जुन्या माणसांकडून असं काय काय गोळा होतंय ते लिहून काढतो आणि वेगळा धागा काढतो.

---

यारानदी

मेलबर्नहून लिहितेय. काळ्या डागांबद्दल विचारलंत म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या आभाळात नेमक्या त्याच जागी एमू पक्षी आहे. त्रिशंकूजवळचा कोलसॅक हे त्याचं डोकं, मित्र-मित्रकावरून मान खाली येते आणि वृश्चिकाकडे अंग. कामिलरॉय आणि युअलायी लोक त्याच्या पवित्र्यावरून एमूच्या अंड्यांचा हंगाम सांगतात. एप्रिल-मेमध्ये तो पळताना दिसतो, म्हणजे जोड्या जमण्याचे दिवस. जून-जुलैत बसलेला वाटतो, म्हणजे नर अंड्यांवर बसलाय. सिडनीच्या उत्तरेला कु-रिंग-गाय चेस राष्ट्रीय उद्यानात खडकावर कोरलेला एक एमू आहे, आणि वर्षातल्या ठरावीक काळात आकाशातला एमू बरोबर त्याच्या वर त्याच आकारात येतो. मी तिथे गेले आहे. मधे अख्खा प्रशांत महासागर आहे आणि तरी दोन्हीकडच्या माणसांना तोच काळोख जिवंत दिसला.

---

नभांगण

काय सुरेख धागा झालाय! महाराष्ट्रातून यातलं काय दिसेल ते सांगतो.

कुस्को १३.५ अंश दक्षिणेला, मुंबई १९ अंश उत्तरेला. तिथे मित्र माथ्यावर येताना चाळीस अंशांच्याही वर चढतो, आपल्याकडे जेमतेम दहा अंश. म्हणजे दक्षिण क्षितिज मोकळं हवं आणि दिव्यांचा उजेड नको. सिंधुदुर्गाचा किनारा, गोव्याचा दक्षिण भाग, किंवा दक्षिणेला उघडा असलेला घाटमाथा उत्तम. मे महिन्याच्या मध्यावर, अमावास्येच्या जवळ, रात्री दहाच्या सुमारास त्रिशंकू सर्वांत वर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मित्र आणि मित्रक. म्हणजे लामेचे डोळे आपल्यालाही दिसतात, पण मान क्षितिजाच्या धुरकटीत हरवते. धडाचा भाग मात्र वृश्चिकाजवळ आहे आणि तो आपल्याकडे चांगला चाळीस-पंचेचाळीस अंश वर येतो. मे महिन्यात रात्री एकनंतर ज्येष्ठेपासून खाली शेपटीकडे बघत या, डोळ्यांना अर्धा तास काळोखाची सवय होऊ द्या, मोबाइल खिशात ठेवा. दुर्बीण नको, तिच्यात एवढा मोठा आकार मावत नाही.

हे काळे भाग म्हणजे पोकळी नव्हे, हेही सांगायला हवं. ते वायू आणि धुळीचे प्रचंड ढग आहेत आणि मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतात. कोलसॅक सुमारे ६०० प्रकाशवर्षांवर आहे. त्याला ढग म्हणणारे अँडीजमधले शेतकरी अगदी बरोबर होते.

आणखी एक साम्य. आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो तसा कुस्कोतही येतो, ३० ऑक्टोबर आणि १३ फेब्रुवारीच्या आसपास. इंकांच्या राजधानीत भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होत असे, आणि पहिला दिवस नेमका पावसाळा सुरू होण्याच्या सुमाराचा.

---

पुराणवाट

ऑक्टोबरवरून आठवलं. वामान पोमा या स्थानिक लेखकाने १६१५च्या सुमारास लिहिलेल्या सचित्र ग्रंथात बारा महिन्यांची चित्रं आहेत. ऑक्टोबरच्या चित्रात लोक आभाळाकडे तोंड करून पाऊस मागतायत आणि मधोमध एक काळी लामा खांबाला बांधली आहे. तिला उपाशी ठेवत, म्हणजे तीही रडेल आणि तिचं रडणं वर पोचेल. त्याच दिवसांत आकाशातल्या लामेचे डोळे मध्यरात्री क्षितिजाखाली सर्वांत खोल असतात, म्हणजे ती पाणी प्यायला गेलेली असते. झ्युडेमा हा मानववंशशास्त्रज्ञ आणि अर्टन यांनी हा संबंध जोडून दाखवला. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फक्त क्रूर वाटलं होतं. आता त्यात पाण्यासाठी टेकीला आलेली माणसंही दिसतात.

माचू पिक्चूबद्दल कोणी विचारायच्या आत सांगते: तिथल्या इंतिवाताना या कोरीव दगडाबद्दल खूप काही ऐकवलं जातं, पण ठोस पुरावा तिथल्याच अर्धवर्तुळाकार तोर्रेऑनचा, म्हणजे बुरुजाचा आहे. जूनच्या अयनदिनी (२१ जूनच्या सुमारास) सकाळचं ऊन तिथल्या खिडकीतून आत येऊन खालच्या खडकाच्या कोरलेल्या कडेला समांतर पडतं. दोन्ही बघा, पण वेळ कमी असेल तर तोर्रेऑनपाशी जास्त थांबा.

---

अक्षरवाट

मुलीने सगळा धागा वाचला आणि आता तिला लामा आणि कोल्का दोन्ही बघायचेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ती तिथे असेल. एकाच रात्रीत दोन्ही जमेल का? आणि राहायचं कुठे?

---

रानजाई

जमेल. कॉलेजला आत्ताच विचारून ठेवा, विमानतळावरून थेट खोऱ्यात जाता येईल का. उरुबांबा किंवा ओयांतायतांबो, दोन्ही २,९०० मीटरच्या आत आहेत. पहिले काही दिवस तिथे काढून मग कुस्कोला चढायचं. माचू पिक्चू २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोच्या बरंच खाली, तेव्हा त्याची धास्ती नको.

---

नभांगण

वेळा सांगतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेआठच्या आसपास लामेचे डोळे दक्षिणेला सर्वांत वर असतील. साडेदहा-अकराला धड आणि पिल्लू डोक्यावर येतील, तेव्हा बघणं सर्वांत सोपं. मग झोपायचं. पहाटे चारच्या सुमारास डोळे मावळतात आणि जवळपास त्याच वेळी ईशान्येला कृत्तिका उगवतात. खोऱ्यात दोन्ही बाजूंना डोंगर आहेत, त्यामुळे कृत्तिका कड्यावर यायला थोडा उशीर लागेल. साडेचार ते सव्वापाच ही वेळ धरा, नंतर फटफटतं. चंद्राचं तेवढं पंचांगात बघून घ्या, पौर्णिमेजवळ गेलात तर काळे ढग दिसणार नाहीत. लोकरीचे मोजे आणि कानटोपी नक्की न्यायला सांगा.